सादळण्यापूर्वी

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात पाककृती सांगावी, हे पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. पाककृतीचे पान अंकाच्या शेवटी, राशिभविष्याच्या शेजारी असते आणि ते लिहिण्याचा मान घरोघरच्या अन्नपूर्णांचा, हे मलाही ठाऊक आहे. त्यातून मी ज्या पदार्थाविषयी लिहिणार आहे त्याला पदार्थ म्हणावे की नाही, याबद्दल आमच्याच घरात दोन तट आहेत. पावाच्या दोन कापांना लोणी लावायचे, मध्ये बटाट्याचे वेफर घालायचे आणि खायचे. झाले वेफर-सँडविच! यात शिजवणे नाही, फोडणी नाही, ‘चवीपुरते मीठ’ हे पाककृतींचे पालुपददेखील नाही; कारण मिठाचे काम वेफरवाल्याने आधीच उरकलेले असते. “एवढ्याला कृती कसली लागते? उद्या पाणी कसं प्यावं त्यावर लिहाल,” असा शेरा आमच्या सौभाग्यवतींनी मारलाच.

त्यावर माझे म्हणणे इतकेच की ज्या कृतीत तीनच जिन्नस असतात, तिच्यात दोष लपवायला जागा नसते. मसालेभातात एखादी लवंग जास्त पडली तर बाकीचे मसाले तिला सांभाळून घेतात. इथे सांभाळून घेणारे कोणी नाही. पाव ओलसर निघाला, लोणी पातळ झाले, वेफर कालचा असला, की संपले. आणि सगळे जमून आले तरी या पदार्थाचे आयुष्य फार तर दहा मिनिटांचे. तेवढ्यात खाल्ला नाही तर तो सादळतो.

सादळणे! काय नेमका शब्द आहे! पापड सादळतो, चकली सादळते, पातळ पोहे सादळतात, पावसाळ्यात काडेपेटीसुद्धा सादळते. सादळलेली वस्तू नासलेली नसते, आंबलेली नसते, बुरसलेली तर मुळीच नसते. तिची चवही जवळजवळ तीच असते. तिच्यातला आवाज तेवढा गेलेला असतो. आणि आवाज गेला की आपण ती बाजूला सारतो. मराठी माणूस कानाने किती खातो, हे पाहायचे असेल तर त्याच्या विशेषणांकडे पाहावे. कुरकुरीत, खुसखुशीत, चुरचुरीत, करकरीत, कडकडीत... ही सगळी विशेषणे जिभेने नव्हे, कानाने बनवलेली आहेत. करंजी खुसखुशीत असते. तिला ‘कुरकुरीत’ म्हणून पाहा, करणारीचा चेहरा उतरेल. ध्वन्यनुकारी शब्दांचा पाठ घेताना मी वर्गात फराळाचेच दाखले देतो आणि त्या तासाला मागच्या बाकांवरची मुलेही जागी असतात.

आता हे शास्त्रानेही मान्य केले आहे. २००४ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील दोघा संशोधकांनी लोकांच्या कानांवर हेडफोन चढवून त्यांना बटाट्याचे वेफर खायला दिले आणि चावण्याचा आवाज यंत्राने कधी मोठा तर कधी बारीक करून ऐकवला. वेफर सारखेच, पण आवाज मोठा असला की खाणाऱ्यांना ते अधिक कुरकुरीत आणि ताजे वाटत. या संशोधनाला २००८ साली इग नोबेल नावाचे, आधी हसवणारे आणि मग विचार करायला लावणारे पारितोषिक मिळाले. आमच्या आजीने हे सगळे यंत्रावाचून, चकली कानाजवळ मोडून सांगितले असते; पण आजीला ऑक्सफर्डला कोण बोलावणार?

या पदार्थाशी माझा संबंध कसा आला, ते आता सांगायला हवे. मी शिरूरला शिकवतो आणि माझे घर दौंडला आहे. पुणे जिल्ह्याचा नकाशा ज्यांच्या डोळ्यांपुढे नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की शिरूर हे पुणे-नगर रस्त्यावर घोड नदीच्या काठी आहे. जुनी माणसे गावाला घोडनदीच म्हणतात. दौंड भीमेच्या काठी, पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर. १८७८ साली मनमाडकडे जाणारा मार्ग तिथून निघाला आणि दौंड जंक्शन झाले. शिरूरला आगगाडी नाही. तालुके एकमेकांना लागून असले तरी दोन्ही गावांचा स्वभाव निराळा. एक बाजारपेठेचे, दुसरे शिट्ट्यांचे. सोमवार ते शनिवार मी शिरूरला दोन खोल्यांत राहतो. सौभाग्यवती दौंडला एका बँकेत आहेत, त्यांच्यासोबत माझी आई. मुलगी पुण्याला शिकायला. शनिवारी दुपारी तास संपले की न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून चौफुल्याला, तिथून सोलापूर रस्त्याने पाटस आणि पाटसवरून दौंड, असा माझा ठरलेला प्रवास. मुलगी रविवारी सकाळच्या गाडीने येते. चार माणसांचे कुटुंब आठवड्यातून एक दिवस पुरे होते.

गंमत अशी की या सँडविचचे जिन्नसही या दोन तालुक्यांनी वाटून घेतले आहेत. वेफर शिरूरचा, पाव दौंडचा. महागणपतीचे रांजणगाव शिरूर तालुक्यात आहे आणि त्याच रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पेप्सिको कंपनीचा वेफरांचा मोठा कारखाना आहे. रंगीत पाकिटे इथून भरून जातात. पाकिटात वेफर कमी आणि हवा जास्त, ही आपली सर्वांची तक्रार. पण ती साधी हवा नसते, नायट्रोजन असतो. वेफर मोडू नयेत आणि तेल खवट होऊ नये म्हणून तो भरतात. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार बटाट्यासाठी नावाजलेले. भाजीचा बटाटा आणि वेफरचा बटाटा मात्र एक नव्हे. भाजीचा बटाटा शीतगृहात राहिला की त्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. तो तळला की काळपट पडतो आणि कडवटतो. म्हणून शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली वेफरांसाठी म्हणून ‘कुफरी चिप्सोना’ नावाचे वाण काढले. आपण चार आण्याची... क्षमा करा, आता दहा रुपयांची पुडी फोडतो, तिच्यामागे एवढा खटाटोप असतो.

पुडीतले वेफर मी मात्र या कामी वापरत नाही. ते फार पातळ असतात आणि त्यांना टोमॅटोपासून पुदिन्यापर्यंत काय काय फासलेले असते. सँडविचला वेफर हवा साध्या मिठाचा, किंचित जाड, कढईतून निघालेला. शिरूरच्या बाजारात संध्याकाळी एक वेफरवाला मोठ्या कढईवर किसणी धरतो आणि सोललेला बटाटा सरसर फिरवून चकत्या थेट उकळत्या तेलात सोडतो. हात तेलापासून वीतभर अंतरावर असतो, पण नजर गिऱ्हाइकाकडे! शुक्रवारी रात्री त्याच्याकडून पाव किलो वेफर घ्यायचे, घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे आणि शनिवारी तो डबा मांडीवर घेऊन दौंडला न्यायचा, हा माझा नेम आहे. मांडीवरच का, असे विचाराल तर मांडणीवर ठेवलेल्या डब्यातून घरी चुरा पोचतो. चुऱ्याचे सँडविच होत नाही, भेळ होते.

उन्हाळ्यात गच्चीवर साडी अंथरून वाळवलेल्या घरच्या चकत्या तळून घातल्या तर? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. चकत्या सुरेख फुलतात, पांढऱ्याशुभ्र दिसतात, उपासाला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. पण त्या काचेसारख्या कडक. मऊ पावातून दात खाली जातो, तोच टाळूला टोचतात. बटाट्याचा तळलेला कीस घातला तर तो चारी बाजूंनी मांडीत सांडतो. दोन्ही प्रयोग आमच्याकडे झालेले आहेत.

आता पाव. दौंडला पाव रुजला तो आगगाडीमुळे. रेल्वेच्या वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबे पुष्कळ होती. कोणी ड्रायव्हर, कोणी गार्ड, कोणी तिकीट तपासनीस. त्यांना सकाळी पाव लागे, आणि जिथे पाव लागतो तिथे भट्टी पेटते. १९४७ नंतर त्यांतली बरीच कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. थोडी मागे राहिली. माझ्या लहानपणी, म्हणजे १९८५-८६च्या सुमारास, आमच्या क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागून अशाच एका घरातल्या आंटी राहत. वडील रेल्वेत गार्ड होते, आंटींचे यजमानही गार्ड. दोघांच्या ड्यूट्या आलटून पालटून. दिवाळीत आईने फराळाचे ताट त्यांच्याकडे पाठवावे आणि नाताळात त्यांच्याकडून कुलकुल यावीत, असा शिरस्ता होता. पण दुसऱ्याचे ताट रिकामे परत करायचे नाही, ही आपली रीत आंटींनीही उचलली होती. दिवाळीला त्यांच्याकडे कुलकुल कुठून असणार? मग त्या ताटात कडा काढलेले, त्रिकोणी कापलेले सँडविच ठेवत आणि ते ताट घेऊन मला अक्षरशः पळवत. “रन, बाबा, रन! नरम हो जाएगा!” असे त्यांचे हिंदी-इंग्रजी मिश्रण अजून कानात आहे. दोन दारांमधले अंतर पंचवीस पावलांचे. मी धावतच जाई आणि दारातच एक त्रिकोण संपवी.

आई मात्र त्याला शिवत नसे. पावात अंडे असते, पावाचे पीठ पायांनी तुडवतात, या त्या काळी घरोघर मानल्या गेलेल्या गोष्टी तिच्याही मनात पक्क्या. त्यात तिच्या उपासांची भर. वेफर उपासाला चालतो, पाव चालत नाही. म्हणजे या एका पदार्थात पुण्य आणि पाप एकावर एक रचलेले! मग ती हलक्या हाताने वरचा काप उचलून मधले वेफर वेचून घेई आणि लोणी लागलेले दोन काप माझ्या पुढ्यात सारी. तिने कधी आंटींना तसे कळू दिले नाही. “फार छान झाले होते,” असे ती दर वर्षी सांगे आणि आंटी दर वर्षी खूश होत.

खरे म्हणजे परकेपणाच्या हिशोबाने पाहिले तर दोघेही सारखेच. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज आणि ‘बटाटा’ हाही पोर्तुगीज. दोघे एकाच भाषेच्या बोटाला धरून आपल्या किनाऱ्याला लागले. त्यांतला बटाटा एकादशीच्या ताटात जाऊन बसला आणि पाव कितीतरी वर्षे उंबऱ्याबाहेर राहिला. आमच्या शिरूरला १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची समाधी आहे; आसपासचे लोक त्याला सत्पुरुष मानून नव्या धान्याचा नैवेद्य दाखवीत. साहेबाला आपले धान्य चालले, आपल्याला साहेबाचा पाव चालायला फार काळ लागला. पुढे मात्र पाव आणि बटाटा यांनी आपली सोयरीक स्वतःच जुळवली. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव सुरू केला असे सांगतात, तेव्हापासून तर ती साऱ्या महाराष्ट्राला मान्य झाली. वेफर-सँडविच हे त्याच घराण्यातले धाकटे, अबोल भावंड.

बाहेरच्या जगात मात्र हे भावंड बरेच नावारूपाला आले आहे. आयर्लंडमध्ये १९५४ साली जो मर्फी नावाच्या गृहस्थाने डब्लिनला ‘टेटो’ नावाचा वेफरांचा कारखाना काढला आणि चीज-कांद्याच्या चवीचे वेफर बनवले. आयरिश माणूस ते पाकीट आणि लोणी लावलेला पाव समोर दिसला की दोहोंची गाठ घालून देतो. परदेशी गेलेल्या आयरिशांना घरची आठवण येते ती या सँडविचने, असे म्हणतात. २०१५च्या जानेवारीत तर बेलफास्टला निव्वळ वेफर-सँडविचचे उपाहारगृह निघाले होते. ही हकीकत मी घरी वाचून दाखवली. सौभाग्यवती म्हणाल्या, “बघा, तिथं दुकान काढतात. तुम्ही लेख लिहा!”

तेव्हा कृती सांगून टाकतो. पाव कालचा घ्यावा. ही पहिली अट ऐकून पाहुणे दचकतात, पण तिला कारण आहे. पावात ३५ ते ४० टक्के पाणी असते, वेफरमध्ये सुमारे २ टक्के. दोघांना जवळ आणले की पाणी पावातून वेफरकडे निघते. सादळणे ते हेच. भट्टीतून नुकताच आलेला पाव वाफेने दमट असतो आणि सुरीखाली दबून त्याचा लगदा होतो. कालचा पाव नीट कापला जातो आणि तरी मऊ असतो. लादीपाव नको, त्यात पोकळी फार, वेफर एका कोपऱ्यात जमा होतात. स्लाइसचा पाव हवा, पांढरा. गव्हाचा, नाचणीचा, बियांचा, असले आरोग्यवर्धक पाव इतर वेळी अवश्य खावेत. आणि भाजू मात्र नये. कुरकुरीत वस्तूला मऊ शेजार लागतो. दोन्ही कुरकुरीत झाले म्हणजे दोन बोलघेवडी माणसे एका बाकावर बसवल्यासारखे होते, कोणाचेच ऐकू येत नाही.

लोणी हे या पदार्थातले धरण. पाणी अडवण्याचे काम त्याचे. म्हणून ते थोडके लावून चालत नाही. पावाच्या कडेपर्यंत, कुठेही उघडी जागा न ठेवता, दोन्ही कापांना लावायचे. घरचे लोणी चवीला श्रेष्ठ, पण त्यात ताकाचा अंश राहतो. ते थंड पाण्यात धुऊन, दाबून, पाणी काढून वापरले तर उत्तम. एवढा व्याप नको असेल तर विकतचे खारे लोणी बरे. तूप लावून पाहू नये. थंडीत ते रवाळ बसते आणि उन्हाळ्यात कोपरापर्यंत ओघळते. काहीतरी तिखट हवेच असेल तर लसणीची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी लोण्यात कालवावी. हिरवी चटणी, टोमॅटोच्या चकत्या, काकडी हे सारे पाण्याचे नातेवाईक. त्यांना आत घेतले की धरण फुटले म्हणून समजावे.

वेफर आडवेतिडवे, दोन थरांत रचावेत. वरचा काप ठेवावा आणि पसरलेल्या तळव्याने एकदाच दाबावे. एकदाच! वेफर मोडल्याचा आवाज येतो, तो आला की हात उचलायचा. दुसऱ्यांदा दाबणारे लोक असतात. त्यांना तो आवाज पुन्हा ऐकायचा असतो, पण मग आत चुरा होतो. कापायचे तर तिरपे, दातेरी सुरीने, आणि ताबडतोब.

सोबत काय द्यावे, यावर आमच्याकडे रविवारी सभा भरते. माझे मत टोमॅटोच्या साराला, कपातून, गरम, जिरे आणि किंचित गूळ घातलेल्या. सँडविचचा खारट, तुपकट घास आणि त्यावर साराचा आंबट घोट, यासारखी जोडी नाही. मुलीला तिखटमीठ लावलेल्या पेरूच्या फोडी लागतात. लोणचे चालते, तेही तेलातले. कॉफी अजिबात जमत नाही. का ते सांगता येणार नाही, करून पाहा. ताकाचा मी चाहता आहे, पण इथे ते बेचव वाटते. उरला चहा, आणि शेवटी मतदान चहाच्या बाजूने होते. आले घातलेला, जरा कडक. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी जमली, समोर चहा-बिस्किटे आली, आणि त्यावरून प्रायश्चित्तापर्यंत पाळी गेली. तो चहा आता इतका घरचा झाला आहे की आपण त्याला परका म्हटले तर मुलांना खरे वाटत नाही.

एवढे सगळे सांगितले, पण या पदार्थाची मला जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते ती अजून राहिली. आमचे घर डब्यांवर चालते. माझा डबा शिरूरला, सौभाग्यवतींचा बँकेत, मुलीचा मेसमधून. पोळी-भाजी बिचारी थांबते. थालीपीठ दोन दिवस थांबते, लाडू महिनाभर. थांबणारे अन्न आहे म्हणून वेगवेगळ्या गावांतली माणसे पोसली जातात, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. वेफर-सँडविच मात्र थांबत नाही. खाणारा आधी जागेवर बसलेला हवा, मग ते करायचे. आता गरम पुऱ्यांनाही हीच अट असते, असे कोणी म्हणेल. पण पुऱ्यांच्या दिवशी एक माणूस शेगडीपाशी उभे असते. बाकीच्यांचे ताट उरकते तेव्हा तिचे सुरू होते. आमच्या घरी तीन पिढ्या तसेच चालले. या सँडविचला मिनिट पुरतो, शेगडी लागत नाही, आणि करणाराही त्याच पंगतीला बसतो. रविवारी सकाळी साडेदहाला आमच्या टेबलापाशी चार माणसे बसलेली असतात, कोणीही उभे नसते. आठवड्यातून एवढेच एक जेवण तसे घडते. त्याला ‘जेवण’ म्हणायचे की नाही, यावर पुन्हा दोन तट आहेत.

या चार माणसांत आई आहे, हे वाचून कोणी विचारील की तिच्या पावाचे काय झाले? वडिलांच्या शेवटच्या आजारात ती अकरा दिवस इस्पितळात त्यांच्या उशाशी होती. सकाळी वडिलांसाठी दूध-पाव येई. वडिलांच्या घशाखाली काही उतरत नसे. अन्न टाकणे तिला कधीच जमले नाही. तेव्हा तो पाव तिने खाल्ला. एरवी आई काही बोलत नाही त्या दिवसांविषयी; पण दौंडला परत आल्यावर महिन्याभराने एका रविवारी तिने आपणहून ताटली पुढे केली आणि म्हणाली, “मलाही दे एक. वेफरांसकट.”

आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि कवळी आहे. वेफर चावत नाही. म्हणून तिचे सँडविच मी सर्वांच्या आधी, साडेनऊलाच करतो. लोणी बेताचे, पाव ताजा, वेफर पातळ, आणि वरून ओलसर फडके झाकून ठेवतो. वर सांगितलेला एकेक नियम उलटा. सव्वादहाच्या सुमारास मुलगी स्टेशनावरून येते, चपला काढता काढता “आजी, झालं का तुझं सादळून?” असे विचारते, मग आमची तीन झटपट होतात आणि आम्ही सगळे एकाच वेळी पहिला घास घेतो. तीन घासांचा आवाज येतो, चौथ्याचा येत नाही. आईचे म्हणणे असे की चव मुरल्यावरच खरी कळते आणि आम्ही नुसता गोंगाट खातो. साहित्यातही असे दोन पंथ आहेत. पण तो विषय वाढवत नाही.

मुलीला बंगळूरला नोकरी लागली आहे. दिवाळीनंतरच्या सोमवारी तिची गाडी. तिने परवा विचारले, “बाबा, गाडीत खायला वेफर-सँडविच करून दे ना.” तिला ठाऊक होते की ते नेता येत नाही, तरी विचारले. मी काही बोललो नाही. सौभाग्यवतींनीच तोड काढली. पाव वेगळा, लोणी-चटणी छोट्या झाकणाच्या डबीत वेगळी, वेफर वेगळे. भूक लागली की आपल्या बाकावर बसून तिने ते करायचे. “आणि सगळं एका कागदावर लिहून द्या तिला,” असे त्याच म्हणाल्या, ज्यांना या पदार्थाला कृती लागत नाही असे वाटत होते. कागद लिहून झाला आहे. ‘एकदाच दाबणे’ या शब्दांखाली रेघही ओढली आहे. वेफरांसाठी घट्ट झाकणाचा डबा मात्र अजून रिकामा मिळालेला नाही. घरात तसे दोनच आहेत आणि दोन्हींत सध्या चकल्या आहेत.